घसाऱ्याची नात बर्फावर

गॅरेजवाले त्याला घसारा म्हणत. विमा कंपनीच्या वतीने ठोकलेल्या गाड्या तपासायच्या, काय आत्ता मोडलं आणि काय आधीच मोडलेलं होतं ते लिहायचं, जुन्या भागांची किंमत वापराच्या हिशेबाने खाली आणायची, हा त्याचा एकतीस वर्षांचा धंदा. त्या खाली आणण्याला घसारा म्हणतात. माणूस आणि त्याचं काम वेगळं करून बघायला कुणाला सवड नव्हती. तो दारात दिसला की कुणीतरी हात पुसत ओरडायचं, "आला रे घसारा! चांगलं काही असेल तर झाका."

त्यालाही त्यांच्याबद्दल प्रेम नव्हतं. माणसं दोनच प्रकारची, असं त्याचं मत होतं: खोटं बोललेली, आणि अजून कुणी काही न विचारलेली.

स्वतःच्या गाडीचा विमा तो असा उतरवायचा की कंपनीला घाम फुटावा. अठरा वर्षांत एकही दावा नाही, म्हणून हप्त्यात मिळणारी सूट सर्वांत मोठी. शिवाय नुकसान झालंच तर पहिला अमुक एवढा भाग माझा मी सोसेन, असं लिहून दिलं की हप्ता आणखी उतरतो. कागदावर त्या भागाला 'स्वेच्छेने सोसायची रक्कम' म्हणतात. तीही त्याने पार टोकाला नेऊन ठेवली होती. त्याला ते शब्द आवडत. बायको गेली तेव्हा तो कुणाच्या खांद्यावर रडला नाही. जावई घर सोडून गेला तेव्हा हा मुलीला आणि नातीला आपल्याकडे घेऊन आला आणि त्यावर पुन्हा बोलला नाही. स्वेच्छेने सोसायची रक्कम. मुलीने गाडी खांबाला घासून एक दार चेपवलं तेव्हा ती म्हणाली, "दावा करू या."

"सूट जाईल."

"दार उघडत नाहीये, बाबा."

"बंद तर राहतंय ना?"

तेव्हापासून ती स्टिअरिंगच्या बाजूने सरपटत आत जायची आणि दर वेळी पुटपुटायची, "वाचली सूट."

नात सात वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती खोलीत असल्याचं बहुतेकदा कळतच नसे. बाप गेल्यापासून दीड वर्षात तिने एकही हट्ट केला नव्हता. मग एका रविवारी जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "मला बर्फावर घसरायला शिकायचंय."

आई आणि आजोबा दोघांचेही घास तोंडातच राहिले.

महिनाभर ती रिंकवरच्या भाड्याच्या स्केट्सवर पडली, उठली, पडली. पण तिथल्या वर्गात जायचं तर स्केट्स स्वतःचे हवेत, आणि शनिवारी चाचणी. एका पायावर, पाच मोजेपर्यंत घसरत जायचं. जमलं तर वर्गात, नाही तर पुढच्या हंगामात या. पुढचा हंगाम दहा महिन्यांनी होता. दहा महिन्यांनी ही मुलगी पुन्हा तोंड उघडून काही मागेल, याची खात्री घरात कुणालाच नव्हती.

"स्केट्स मी आणतो," घसारा म्हणाला.

"बाबा, निदान यात तरी कापाकापी नको."

त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून एक जोड आणला. मुंगीचा बूट एकतीसचा, स्केट्स तेहतीसचे. वाढता पाय, दोन हंगाम निघतील. आत लोकरीचे दोन-दोन मोजे घातले की झालं.

शनिवारी रिंकवर मुंगी कठडा सोडून पुढे गेली आणि तिचे घोटे आतल्या बाजूला लवले, जशी ओल्या पुठ्ठ्याची खोकी लवतात. ती पडली. उठली, पडली. तिसऱ्या वेळी शिकवणाऱ्या बाईच तिला उचलून कठड्यापाशी घेऊन आल्या.

"कुणाचे आहेत हे? आईचे?"

"तिचेच," घसारा म्हणाला. "जरा सैल आहेत."

"आजोबा, यात पाय एकटा नाही, पायाचा पाहुणाही राहील. अर्ध्या तासात हिचा नंबर येईल. दुकान समोर आहे. बदला, नाही तर घरी न्या. घोटा मोडलेला मला चालणार नाही."

मुंगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आजोबा, मला काल येत होतं. आज का येत नाही?"

त्याने तिला उचललं आणि दुकानाकडे निघाला. दुकान कुणाचं आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तर तो पहिल्यांदा तिथे गेला नव्हता.

रिंकवर स्केट्स विकणारा आणि त्यांना धार लावून देणारा तो एकच माणूस होता. सगळे त्याला धारवाला म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्याची व्हॅन उतारावरून सुटून भिंतीवर आदळली होती. हप्ता कमी बसावा म्हणून त्याने अर्जात लिहिलं होतं, 'फक्त घरगुती वापर'. घसाऱ्याने व्हॅनचं मागचं दार उघडलं, तर आत लोखंडी मांडणी आणि तिच्यावर सत्तर जोड भाड्याचे स्केट्स. अहवालात त्याने तीनच शब्द लिहिले: व्यापारी वापर आढळला. दावा नामंजूर झाला. त्यानंतर धारवाल्याने दुसरी व्हॅन घेतली नाही. घेता आली नाही.

त्याने काउंटरवरून मान वर केली आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"या साहेब! आज काय तपासताय? मागचं दार उघडंच आहे माझं."

"हिला स्केट्स हवेत. वेळ नाही."

धारवाल्याने जुना जोड उचलला, उलटा केला, बोटाने दाबला. त्याला फार आनंद होत होता. "चामडं मऊ पडलंय. घोट्यापाशी घडी. पातं एका बाजूने झिजलेलं. तुमच्या हिशेबाने याचं किती होतं? थांबा, मीच सांगतो. शून्य. नामंजूर."

"बोलून झालं असेल तर दाखवा."

"झालं नाही. पण पोरीचा नंबर जाईल." तो गुडघ्यावर बसला, मुंगीचे चारही मोजे काढले, एक पातळ मोजा चढवला आणि मांडणीवरून जोड काढला. "तीस."

"बूट एकतीसचा आहे तिचा."

"हा बूट नाही. स्केट नंबरभर लहानच घ्यायचा."

"म्हणजे चार महिन्यांत पुन्हा तुमच्याकडेच यायचं. छान आहे धंदा."

धारवाल्याने वर बघितलंही नाही. "उभी राहा बाळ. बोटं पुढे टेकतात?"

"टेकतात."

"दुखतात?"

"नाही."

"गुडघे वाकव. आता?"

"आता सुटली."

"टाच आतल्या आत उचलून बघ."

"नाही उचलत, काका."

"साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायचे असतील तर विचारा, साहेब."

घसारा वाकला आणि ठोकलेल्या गाडीचा पत्रा चाचपावा तसा टाचेपासून वर घोट्यापर्यंत अंगठा दाबत गेला. कुठेच पोकळ लागलं नाही. त्याला पोकळ लागायला हवं होतं.

"द्या," तो म्हणाला.

"धार लावून देतो. पाच मिनिटं."

"नव्या वस्तूला धार?"

"कारखान्यातून बोथटच येतात."

"हो का! आणि गाड्या शोरूममधून बिनब्रेकच्या येतात."

"मग असेच न्या," धारवाला उठून म्हणाला. "न्या ना. बर्फावर बाजूला सरकेल, तोंडावर पडेल. मी अहवाल लिहीन. तीनच शब्द."

मुंगी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. बाहेर बाईंनी कुणाचा तरी नंबर पुकारला. घसाऱ्याला वाटलं, आता या माणसाने खोटं बोलायला हवं. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो. दोन वर्षं वाट बघितल्यावर हा दिवस आला आणि हा खरं बोलतोय, यात काहीतरी डाव आहे. त्याने एक स्केट हातात घेतला आणि पात्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख आडवं ओढलं. नखाचा कीसही निघाला नाही. त्याने दुसऱ्या कडेवर ओढलं. काही नाही. एकतीस वर्षं तो माणसांवर नाही, नखावर विश्वास ठेवत आला होता.

"लावा."

"ऐकू नाही आलं. मशीन चालू आहे."

"मशीन बंद आहे."

"असं होय? मग बोला."

"धार लावा म्हणतोय."

मशीन सुरू झालं. ठिणग्या उडाल्या, मुंगीने डोळे मोठे करून "अगं बाई!" म्हटलं. परत आलेल्या पात्यावरून घसाऱ्याने पुन्हा नख ओढलं. पांढरा कीस वर आला. धारवाल्याने किंमत सांगितली. सूट मागायला घसाऱ्याचं तोंड उघडलं, आणि समोरचा नेमकी त्याचीच वाट बघतोय हे दिसताच मिटलं. त्याने पूर्ण पैसे मोजले. धारवाल्याने नाड्या स्वतः आवळल्या, घोट्याशी घट्ट, बोटांशी जरा सैल, आणि शेवटी एक गाठ, तिच्यावर दुसरी.

मुंगीचा नंबर आला. ती डाव्या पायावर निघाली. बाई मोजत होत्या. एक, दोन. हात पंखांसारखे हलले. तीन. कठड्यामागे घसारा काहीच करत नव्हता, फक्त श्वास धरून होता. चार. ती कलली, गुडघा वाकवला, पातं बर्फात रुतलं आणि तिला सावरलं. पाच. ती थांबली नाही. तशीच पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि तिथे आदळून हसली, मोठ्याने. हा आवाज तिच्यात होता हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

दुकानाच्या दारात धारवाला हाताची घडी घालून उभा होता. घसाऱ्याने त्याच्याकडे बघितलं. आभार मानायला हवेत, हे त्याला कळत होतं.

"तुमची व्हॅन व्यापारीच होती," तो म्हणाला.

"होती," धारवाला म्हणाला. "आणि दर तीन आठवड्यांनी धार लागेल. रांग असते. लवकर या."

बाकावर बसून घसारा नातीच्या नाड्या सोडू लागला. वरची गाठ कशीबशी निघाली. खालची दगडासारखी बसली होती. त्याने नख घातलं. नख वाकलं.

"त्या काकांना बोलावू?" मुंगी म्हणाली. "त्यांनी बांधलीय, त्यांना येईल सोडायला."

"नको."

"ते चांगले आहेत."

"असतील."

दारातून धारवाला अजून बघत होता आणि जागचा हलत नव्हता. घसारा बाकावरून उतरला, ओल्या रबरी चटईवर गुडघे टेकले, नातीचा पाय दोन्ही हातांत धरला आणि दातांनी ती गाठ सोडवू लागला.