दोन गावांचं एक गटार

आमच्या बाजाराला दोन मालक आहेत, म्हणजे खरं तर एकही नाही. खाडीवरचा पूल उतरलं की उजव्या हाताला माझं लेडीज टेलरचं दुकान आणि त्याला लागून एका ख्रिश्चन बाईंची बेकरी. मी एका गावात, बेकरी दुसऱ्या गावात, आणि दोघींच्या मधल्या हातभर बोळातून हद्द गेलेली. पट्टी गोळा करायची झाली की हा बाजार दोन्ही गावांचा. कचरा उचलायचा झाला की तो नेहमी शेजारच्या गावाचा.

एकमेकांच्या जत्रेलाही न जाणाऱ्या या दोन गावांना वरून कळवण्यात आलं की, दोघांनी मिळून बाजार नवा केलात तरच निधी मिळेल. दुसऱ्याच दिवशी दोन्ही नगरपंचायतींच्या अध्यक्षांना आठवलं की आपण मुळात भाऊ-भाऊ.

संयुक्त समितीची पहिली बैठक कोणाच्या कचेरीत घ्यायची यावर एकमत होईना, म्हणून ती जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झाली. दुकानदारांच्या वतीने बेकरीवाल्या बाई आणि मी एसटीने गेलो. सकाळ सगळी बाजाराच्या नावात गेली. जोडनावात आधी कोणाचं गाव? शेवटी ठरलं की पाटीच्या दोन बाजूंना दोन क्रम लिहायचे. ज्याने त्याने आपल्या बाजूने वाचावं. टाळ्या झाल्या.

बाई उठल्या. कचेरीत त्या प्रमाण मराठी बोलतात, पण राग आला की ती टिकत नाही. "नव्या मासळी बाजाराचं पाणी कुठे सोडणार?"

इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तो मुद्दा पुढच्या बैठकीत."

"म्हणजे बाजार आधी बांधतलास, आणि पाणी खंय जाता ता मागीर बघतलास?"

"आधी सौंदर्यीकरण," एक अध्यक्ष म्हणाले. त्या दिवशी दुसरे अध्यक्ष त्यांच्याशी सहमत झाले, असा तो एकमेव क्षण.

सौंदर्यीकरण झालं. आमच्या बाजूला लाल फरशी, त्यांच्या बाजूला पिवळी. आमची कमान उंच, म्हणून त्यांची आणखी उंच. गटारही बांधलं, प्रत्येकाने आपापलं. दोन्ही ठेकेदार हद्दीपाशी आले आणि काम पूर्ण दिसावं म्हणून आपापल्या गटाराचं तोंड सिमेंटने बंद करून गेले. माझ्या पायरीसमोर पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंती उभ्या राहिल्या, जणू एकच भिंत.

उद्घाटनाला दोन फिती होत्या, पण कात्री एकच. कोणी आधी कापायची यावर मंडळी मांडवात ताटकळली. मग माझ्याकडे धावत आले. मी माझी कापडाची कात्री दिली आणि दोन्ही फिती एकदमच कापल्या गेल्या. तोवर वैतागलेल्या कोळणी फितीखालून वाकून आत गेल्या होत्या आणि अर्धा बांगडा विकूनही झाला होता.

मासळी बाजार बेकरीच्या पलीकडे, खाडी माझ्या अलीकडे. ओटे धुतलेलं पाणी उताराने यायचं, भिंतीला अडायचं आणि बेकरीच्या दारात पसरायचं. आठवड्याभरात तिथे उभं राहवेना. नाताळच्या केकची ऑर्डर द्यायला आलेली एक बाई नाक धरून म्हणाली, "गो, तुझ्या पावाक बांगड्याचो वास येता!" ऑर्डर न देताच ती गेली.  बेकरीवाल्या बाई आत जाऊन भट्टीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना गप्प पाहिलं नव्हतं. तोवर या सगळ्या तमाशाला मी हसत होते, ते तिथेच संपलं.

आम्ही त्यांच्या गावात अर्ज दिला. ते म्हणाले, पाणी तुमच्या शेजारच्या गावाने अडवलंय. माझ्या गावात दिला. ते म्हणाले, पाणी आमचं नाहीच. संयुक्त समितीकडे जा म्हणाले, पण समिती बसेना. यंदा समितीचं अध्यक्षपद कोणाचं, यावर वाद होता.

एका दुपारी, बाजार उठल्यावर, बाई पहार घेऊन बाहेर आल्या. "येतस काय?"

मी मशीन बंद केलं. पहिले घाव त्यांनी घातले. माझ्या हातून पहार भिंतीपेक्षा फरशीवरच जास्त पडत होती. आवाज ऐकून दोन कोळणी आल्या. त्यांनी ती हिसकावली आणि बघता बघता भिंत फुटली. काळं पाणी भसाभस खाडीकडे निघालं. बाईंनी वाहत्या पाण्याकडे पाहून क्रूसाची खूण केली.

पाठोपाठ नोटीस आली. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान! खाली दोन्ही गावांचे शिक्के, शेजारी-शेजारी. इतक्या दिवसांत दोघांनी मिळून वेळेवर केलेलं हे पहिलंच काम.

सुनावणी पुन्हा ओरोसला, जिल्ह्याच्या साहेबांपुढे. दोन्ही अध्यक्ष टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते आणि चहासाठी एकमेकांना साखर पुढे करत होते. "भिंत कोणी मोडली?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही," चौघी म्हणालो. माझा आवाज जरा बारीक निघाला.

"तुमची भिंत आम्ही मोडली, चुकलंच," बाई अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या. "फक्त ती कोणाची होती ते सांगा. म्हणजे इतके दिवस माझ्या दारात घाण कोणी तुंबवली, तेही कळेल."

आमचे अध्यक्ष म्हणाले, "आमची हद्द भिंतीच्या अलीकडे संपते."

त्यांचे म्हणाले, "आमची पलीकडे सुरू होते."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मग मोडलं काय?"

दोन्ही अध्यक्ष आपापला चहा ढवळू लागले. नोटीस मागे घेतली गेली.

फुटलेल्या जागी आम्ही चौघींनी दगडाची एक रुंद फाडी टाकली आहे. पाणी खाली धावतं, वर गिऱ्हाइकं उभी राहतात. ती नाताळवाली बाई परत आली, पण बाईंनी तिला केक दिला नाही. "दुसरीकडे बघ," म्हणाल्या, आणि मला आत बोलावून गरम पाव हातात ठेवला. समिती मात्र जोमाने चालू आहे. हद्दीवर सेल्फी पॉइंट व्हायचा आहे, आणि त्याचं तोंड कोणत्या गावाकडे करायचं यावर सध्या चर्चा चालू आहे.