तीनशे हात

आमच्या बीडला गाडी आली, म्हणून कॉलेजातल्या सरांना अमेरिकेतल्या रेल्वेवरचे जुने काळेपांढरे माहितीपट दाखवायची हौस आली. निवेदनाचं मराठी करून माइकवर वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. मी चारचौघांत पाणीसुद्धा मागत नाही.

होस्टेलच्या स्वयंपाकघरात सराव करायचे. ऐकायला एकट्या मावशी. आमच्या भाकरी थापायला येण्याआधी त्या बारा वर्षं ऊसतोडीला जायच्या.

"तीनशे हातांनी डोंगर फोडून रूळ टाकले," मी वाचलं.

"म्हंजी दीडशे माणसं का गं?"

मला हसू आलं. "नाही मावशी, इंग्रजीत मजुराला हँड म्हणतात. माणसं तीनशेच."

"मग आपल्यावानीच की! नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम इचारायचा, किती कोयते हायती? मी बारा वर्सं अर्धा कोयता हुते बग."

त्या हसत होत्या. मला हसवेना. तो माहितीपट मी पुन्हा पाहिला. निवेदक इंजिनाचा नंबर सांगतो, वजन सांगतो, कोळसा किती खातं तेही कौतुकानं सांगतो. पहार मारणाऱ्यांतल्या एकाचंही नाव नाही. चीड आली, जास्त स्वतःची, कारण मीही डोळे झाकून 'हात' लिहिलं होतं. खोडून 'माणसं' केलं.

सरांनी वर्गात माझे कागद तपासले आणि लाल पेनानं पुन्हा 'हात' केलं. "मॅडम, मुळात हँड्स आहे. कॉन्व्हेंटवाल्यांना एवढंही येईना?" सगळे हसले.

कार्यक्रमाला मावशी दाराशी उभ्या होत्या. वाचता वाचता ती ओळ आली. माझा आवाज फाटला, पण मी म्हणाले, "तीनशे माणसांनी." सर खाकरले.

तेवढ्यात दारातून मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "आन् बाया? बाया न्हवत्या का तिथं?"

पोरं खिदळली. पण पडद्यावर तेव्हाच मजुरांचे तंबू आले होते, आणि एका तंबूपुढे एक बाई बादली घेऊन वाकली होती. मागे बारीक आवाजात मूळ इंग्रजी निवेदक तेव्हाही इंजिनाबद्दलच बोलत होता. लॅपटॉप माझ्यापुढेच होता. मी चित्र थांबवलं.

"होती, मावशी. ही बघा."

"चालू करा, मॅडम," सर म्हणाले.

मावशी खुर्च्यांमधून वाट काढत पडद्याकडे निघाल्या होत्या. त्या पोहोचेपर्यंत मी चालू केलं नाही.