मुठीपुरता सुळा

हस्तिदंत होता तोवर आमच्या भातावर तूप होतं, असं आई म्हणायची. आजोबा शिकारी सुऱ्यांना मुठी बसवत. पातं लोहाराकडून यायचं आणि मूठ आमच्या ओसरीवर तयार व्हायची, हस्तिदंताची नाहीतर रानडुकराच्या सुळ्याची. मी दुसरीत असताना ते सगळं थांबलं. कायदा आला. कायदा बरोबरच होता, हे आधीच सांगून टाकते. पण त्यानंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, विळ्या-कोयत्यांना बाभळीच्या मुठी ठोकू लागले आणि आई लोकांकडे भाकऱ्या भाजायला जाऊ लागली.

एकदा एक माणूस गोणपाटात गुंडाळून दाताचा तुकडा घेऊन आला. अण्णांनी तो हातात घेतला, हुंगला आणि परत दिला. "ताजा आहे," म्हणाले. "उचला." त्या दिवशी आम्ही मीठ घालून कण्या खाल्ल्या.

मला ते कानशीला हात लावू देत नसत. "ह्या हातात पेन राहू दे." पेन राहिलं. आमच्या घरातली पहिली पदवी मी आणली, केमिकल इंजिनिअरिंगची, आणि तिच्या जोरावर सिंगापूरला आले. वुडलँड्सला भाड्याचा फ्लॅट, सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसनं रसायन कारखान्यांच्या जुरोंग आयलंडला. मला अभिमान आहे त्याचा, लपवत नाही. पण इथं पहिल्यांदा दाढेचं काम करून घ्यायला गेले, मशीन दाढेत फिरलं आणि एकदम ओसरीवरचा वास आला. हस्तिदंत कापताना यायचा तोच. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

बसमध्ये माझ्या शेजारी एक चिनी गृहस्थ बसत, आमच्याच प्लँटवर मेंटेनन्सला होते. सगळे त्यांना अंकल म्हणत. सुट्टीच्या दिवशी मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये सुऱ्या बनवायचा त्यांना नाद. त्यांच्याकडे मॅमथच्या सुळ्याचा एक तुकडा होता, हजारो वर्षं बर्फाखाली पडलेला, रीतसर कागदपत्रांसकट घेतलेला. मी माझ्या घरचं सांगितलं तेव्हा तिथल्या लकबीत म्हणाले, "हा कधीच मेलाय, लाह. कुणी मारला नाही. तुला हवा?"

मी अण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वास कसा आहे?"

"जुन्या भिंतीसारखा."

"मग मी येतो."

आले तेव्हा बॅगेत धोतरात गुंडाळलेलं बिनमुठीचं पातं होतं. आजोबांनी मागे ठेवलेलं. ह्याला लाकूड लावायचं नाही, असं बजावून गेले होते, म्हणून अण्णांनी इतकी वर्षं ते तसंच सांभाळलं. "हे बसलेलं बघायचंय," म्हणाले. "दुसरं काही नको." पण त्यांच्या हाताला आता कंप होता. चहा बशीत सांडायचा.

"तू करशील."

"अण्णा, तुम्ही मला कधी शिकवलंत?"

"आता शिकवतो की. विमानाला चार आठवडे आहेत."

आणि मी घोळ घातला. प्लँटवर आम्ही ओल म्हणजे शत्रू समजतो. इथल्या दमट हवेत सुळा खराब होईल, म्हणून तो एसीच्या खोलीत कपाटात ठेवला, वर ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. चौथ्या दिवशी काढला तर केसाएवढी चीर, टोकापासून पाव भागापर्यंत.

"इंजिनिअरबाई," अण्णा म्हणाले, "दात आहे हा. तुमच्या कारखान्यातला पाइप नव्हे. वाळवलात की तडकणार."

चिरलेला भाग कापला तर उरलेला मुठीला पुरत नव्हता. अंकलकडे दुसरा तुकडा नव्हता. अण्णा रागावले नाहीत, तेच वाईट होतं. त्यांनी पातं पुन्हा धोतरात गुंडाळून बॅगेत ठेवलं आणि दोन दिवस खिडकीत बसून खालच्या बसेस बघत राहिले.

रविवारी मी कणीक मळत होते. ते स्वयंपाकघरात आले. "घट्ट आहे का? एक गोळा मुठीत आवळ बघू."

आवळला. त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि बोटांचे ठसे मोजले. आजोबा असाच गिऱ्हाइकाच्या मुठीत मातीचा गोळा द्यायचे आणि त्या ठशावर मूठ कोरायचे, हे मला तेव्हा कळलं. अण्णांनी उरलेला सुळा गोळ्याशेजारी धरला. "इतके दिवस मी पुरुषाच्या पंजाचं माप धरून बसलो होतो. हे पुरतंय की."

"बाईच्या मापाची शिकारी सुरी?"

"का? तू काय कमी शिकार केलीस?"

वर्कशॉपमध्ये अंकलनी पात्याची मुठीत जाणारी शेपटी बेतानं आखूड करून दिली. सुळ्याचे दोन काप तिच्या दोन्ही बाजूंना बसणार होते. मी भोकासाठी मशीन लावलं, तर अण्णा स्टुलावरून ओरडले, "थांब! जळतोय!" मशीन बंद. मग हातानं फिरवायचं ड्रिल, चार फेरे की पाणी, चार फेरे की पाणी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघंही माझ्यावर "स्लो, स्लो" म्हणून खेकसत होते. पितळी खिळे ठोकले, कानस मारली, दोन शनिवार मी घासत बसले. बोटं सोलली. अण्णांनी सुरी हातात घेतली, हलवून पाहिली, कानाशी नेली. काही वाजलं नाही, म्हणजे मूठ घट्ट बसली होती. ते नुसते हसले.

ती त्यांना परत नेता येईना. "हत्ती कुठला नि मॅमथ कुठला, कस्टमवाल्याला काय कळणार?" म्हणाले. "तुझीच आहे. राहू दे." विमानतळावर त्यांनी माझा हात उलटा करून तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं चाचपले आणि आत गेले. पुन्हा ते आले नाहीत. त्यांना चालवत नव्हतं, आणि दीड वर्षानं ते गेले. अजूनही शनिवारी सकाळी मला वाटतं, स्टुलावरून कुणीतरी ओरडावं.

आजोबांच्या पात्याला मूठ मी बसवली. अण्णा ती बघून गेले. ती अजून हलत नाही.