बल्बला कुठे ज्योत असते?

दारूबंदीच्या दिवसांत घाटकोपरच्या एका स्पिरिटच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. माल औषधांना आणि पॉलिशला जायचा. आमच्या घराण्यात पहिला बी.एस्सी. मी, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

टाक्यांच्या खोलीत हवेतच स्पिरिट. म्हणून आत दिवा नाही, बटण नाही. भिंतीतल्या जाड काचेमागे बल्ब लावलेला, त्याचा उजेड आत यायचा. खंडेनवमीला तिथल्या पंपाची पूजा व्हायची, तीही निरांजनाशिवाय. त्या वर्षी आमच्या वायरमनने पंप स्पिरिटनेच पुसून लखलखीत केला, त्यावर देवीची तसबीर ठेवली आणि बाहेरून वायर ओढून भोवती बल्बची माळ सोडली. तो मालवणकडचा, माझ्याच चाळीतला.

"काढ ती माळ," मी म्हणालो.

"ज्योत पेटवली का मी? बल्बला कुठे ज्योत असते?"

"अरे, ठिणगी असते. त्या वायरच्या जोडात. चालू असताना ओढलास की उडेल."

"म्हणजे देवीला काळोखात बसवू? हीच का तुझी बी.एस्सी.?"

सगळे हसले. मॅनेजरही. "सण आहे हो. आरतीपुरती राहू द्या. कॉलेज उद्या."

आरती झाली. सगळे प्रसादाला अंगणात आले. मी वायरमनला बजावलं, "आधी बाहेरून करंट बंद कर."

"हो रे बाबा," म्हणत तो गेला. पण त्याच बटणावर काचेमागचा बल्बही होता. अंधारात माळ कशी सोडवणार? त्याने करंट चालू ठेवला.

धप्प असा आवाज झाला. तो अंगणात धावत आला, हात झाडत, गरगर फिरत. भर उन्हात स्पिरिटची आग दिसत नाही.

"अंगात आली रे देवी!" कुणीतरी ओरडलं. दोघांनी हात जोडले.

मी पाण्याचं पिंप उलटं केलं त्याच्यावर. दसऱ्याला सकाळी तो गेला.

संध्याकाळी त्याच्या आईने मला जवळ बसवलं. "दिवो तर लावलेलो नाय मा रे? मगे पेटला कशान?"

मी ठिणगीचं सांगितलं. माझं सगळं शिक्षण वापरून, सोप्यात सोपं करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग वर बघितलं, खोलीतल्या बल्बकडे.

"तो आधी बंद कर," म्हणाली.

मी उठून बंद केला.