घरभेटीचं जेवण

प्राध्यापकांना प्रशिक्षण द्यायची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. विषयाचं नाव लांबलचक होतं, आंतरसांस्कृतिक क्षमता. म्हणजे वेगळ्या चालीरीतीच्या माणसांशी नीट कसं वागावं हे विद्यार्थ्यांना शिकवायचं, आणि ते कसं शिकवायचं हे आधी शिक्षकांना शिकवायचं. मी नागपूरला जाऊन ते शिकून आले होते. त्यात घरभेटीचा उपक्रम होता. आपल्यापेक्षा वेगळ्या घरी जायचं, जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नमुना पाठ घ्यायचा.

“मग तुमच्याच घरी येतो ना मॅडम,” इतिहासाचे सर म्हणाले. “तलावही पाहणं होईल.” आमचं घर साकोलीकडच्या एका गावात, आणि माझे वडील तिथल्या तलावावर मासेमारी करतात, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मी हसून हो म्हटलं, पण मनातून धास्तावले.

त्याचं कारण आमचे डबे. दुपारी आम्ही सगळे एकत्र डबे उघडतो. माझ्या डब्यातला चिवडा, लोणचं, पेरूच्या फोडी बघता बघता फस्त होतात. भातभाजीला मात्र कोणाचा हात लागत नाही. कोणाचं पोट भरलेलं असतं, कोणाचा उपास असतो, कोणाला डॉक्टरांनी भात बंद केलेला असतो. आमच्या गावातल्या शेतकरी घरांमधल्या जुन्या माणसांना आमच्या हातचं पाणी चालायचं, रांधलेलं चालायचं नाही. स्टाफरूममध्ये असं कोणी कधी बोललं नाही. उघड बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं! हे न बोललेलंच मला छळत होतं.

आता काय तो सोक्षमोक्ष लागेल असं मी ठरवलं. गुरुवार, शनिवार, चतुर्थी टाळून दिवस धरला. आईला बजावलं, मासे नकोत, कारण कोणाला शाकाहाराची सबब मिळायला नको होती. साधं वरण, भात, वांग्याची भाजी. तेवढे दिवस वर्गावर माझं चित्त नव्हतं, एकच प्रश्न दोनदा विचारला म्हणून मुलं हसली.

सर आणि आणखी तिघं सहकारी कॉलेजातून माझ्यासोबतच आले. मी त्यांना तलावाच्या पाळीवर, बांधावर नेलं, वाळत घातलेली जाळी दाखवली. परतल्यावर मी आत सतरंज्या शोधत होते आणि आई बाहेर त्यांच्या हातावर पाणी घालत होती. मग सगळे ओसरीत जेवायला बसले. आणि जेवले की! सरांनी भाजी दोनदा मागून घेतली. “काकू, चव लय भारी आहे जी,” म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की रडूच येईल असं झालं.

भात आणायला आत गेले तर आमची चूल थंड होती. सकाळपासून पेटलीच नव्हती. भाताचा गंजही आमचा नव्हता, त्या पातेल्यावर समोरच्या शेतकरी घरातल्या काकीचं नाव कोरलेलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी आईला गाठलं. “रांधलं कोणं?”

“समोरच्या काकीनं. सामान आपलंच होतं.”

“त्याइले माहीत होतं?”

“हात धुताना सांगतलं ना मी. बिनधास्त जेवा जी, रांधलं समोरच्या घरी आहे म्हणून.”

“काहून असं केलं, आई?” मी ओरडलेच.

“नसते जेवले त? तुले उद्या त्याइच्याच संगं बसा लागते.”

ते आमचं जेवले असते की नाही, हे कळायची वाटच आईनं बंद करून टाकली होती. मला तिचा राग आला, पण त्याहून जास्त त्या चौघांचा आला. काकू, तुम्हीच का नाही रांधलं, एवढं एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नमुना पाठ घेतला. छानच घेतला. माणूस कळायचा तर त्याच्या घरी जेवावं, असं म्हणून माझ्या घराचं उदाहरण दिलं, टाळ्याही पडल्या. पाठ झाला की प्रशिक्षकानं एक प्रश्न विचारायचा असतो.

“सर, काल तुम्ही कोणाच्या हातचं जेवलात?”

सरांचा चेहरा उतरला. “काकूंनीच तशी सोय केली होती मॅडम. आम्ही थोडीच मागितली?”

“मागितली नाही. नकोही म्हटलं नाही.” माझा आवाज चढला होता. “रविवारी परत या. आई रांधेल.”

“येतो ना,” सर म्हणाले. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “रांधीन मी. पण ते जेवाले बसतीन तवा तू तिथं उभी नोको राहू. कोणं ताट सरकवलं त मले सवय आहे. तुले नाही सोसत.”

रविवारी आईनं चौघांची ताटं मांडली. मी घर ते रस्ता येरझाऱ्या घालत होते. तिघांचे फोन आले. कोणाकडे पाहुणे आले होते, कोणाची गाडी बंद पडली होती. सर एकटेच आले. ते हातपाय धुवायला गेले तेवढ्यात आईनं भराभर तीन ताटं उचलून आत आणली.

मी तिचा हात धरला. “काहून उचलून राहिली? राहू दे. पाहू दे त्याइले.”

“आला त्या माणसाले लाजवू नोको,” ती म्हणाली आणि भात वाढायला ओसरीत गेली. सर पोटभर जेवले, असं तिनंच मला नंतर सांगितलं. मी आत, त्या तीन ताटांपाशीच उभी होते.