गाडीच्या नळाचं गोड पाणी

जळगावात नळातलं पाणी आजवर कधीच गोठलेलं नाही. मे महिन्यात आमच्याकडे नळ सोडला की पहिली बादली थेट चहाला चालेल अशी येते, आणि डिसेंबरात फार तर लोक स्वेटर घालून केळीच्या बागेची काळजी करत बसतात. तरीही पाणी गोठू नये म्हणून मागच्या हिवाळ्यात मी जो उपद्व्याप केला, त्यात माझी सख्खी आत्या हातची जाते की काय, अशी वेळ आली होती.

माझं शेतीच्या मोटारपंपांचं दुकान आहे. विहिरीतलं पाणी वर कसं आणायचं, हे मी वर्षानुवर्षं लोकांना समजावत आलोय. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये, असा माझा समज होता. (वैशालीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हा समज कधीच नव्हता.)

वैशालीचा धाकटा भाऊ हेमंत धुळ्याला ट्रकच्या बॉड्या बांधतो. त्याच्या डोक्यात आलं की आपण कारच्या मागे ओढायचं एक चाकावरचं घर बांधू. बांधलंही. आत झोपायला फळ्या, छोटा ओटा, ओट्यावर नळ, न्हाणीघर, गिझर, आणि खाली स्टीलची पाण्याची टाकी. हेमंतने ते धुळ्याहून ओढत आणून आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभं केलं, तेव्हा गल्लीतले लोक मंडप बघायला यावेत तसे बघायला आले. ठरलं असं की, हे घर घेऊन दोन्ही कुटुंबांनी हिमाचलात जायचं आणि जन्मात एकदा बर्फ बघायचा.

निघायच्या आधी हेमंतने फोनवर मला बजावलं. तिकडे रात्री पाइपातलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं, आणि पाइप फुटतात. म्हणून टाकी रिकामी करायची, गिझर रिकामा करायचा, सगळे नळ सोडून पाइप कोरडे करायचे. मग न गोठणारं एक औषध मिळतं ते पंपाने पाइपांत भरायचं, आणि प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये न्यायचं. मात्र औषध पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी असतं तेच हवं. ते त्याने मागवलं होतं, आलं की तो स्वतः जळगावला येऊन भरणार होता. मी फक्त वाट बघायची होती.

ते येईना. निघायचा दिवस जवळ आला. रविवारी सकाळी मी दुकान उघडून बसलो असताना समोरच्या फळीवर इंजिनात टाकायच्या कूलंटचा डबा दिसला. डिझेल इंजिनासाठी आम्ही तो ठेवतोच. डब्यावर बर्फाचं चित्र होतं. मला तेवढं पुरलं. गोठत नाही ते गोठत नाही, त्यात इंजिन काय आणि पाइप काय, असा विचार करून मी डबा घरी आणला. टाकीचं बूच काढलं, गिझरचं बूच काढलं, पाणी वाहून जाऊ दिलं, बुचं परत लावली आणि पंपाची नळी डब्यात सोडली. पंप घुरघुरला, डबा बघता बघता रिकामा झाला. नळ सोडून हिरवं पाणी येतंय का ते बघायचं असं हेमंत म्हणाला होता. पण इतकं महागाचं कूलंट मोरीत कोण सोडणार? डबा रिकामा झाला म्हणजे ते पाइपांतच गेलं असणार, आणखी कुठे जाईल?

वैशालीला सांगितलं की आता गाडीतल्या नळाचं पाणी कोणी घ्यायचं नाही. तिने मुलीला सांगितलं. मी तशी पाटीही लिहून नळावर लावणार होतो, पण घरात स्केचपेन सापडेना.

एवढ्यात पारोळ्याहून अक्का आली. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐंशीच्या घरात आलेली, पण एसटीने एकटी येते आणि कोणी हात धरला तर झटकून टाकते. आम्ही एवढ्या लांब चाललो म्हणून ती आशीर्वाद द्यायला आणि सोबत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ द्यायला आली होती. अक्काची एक ख्याती आहे. ती कुठल्याही गावाला गेली की आधी तिथलं पाणी पिऊन बघते. माझ्या चुलतभावाला एक मुलगी सांगून आली होती. मुलगी सगळ्यांना पसंत होती, अक्काने मात्र परत आल्यावर सांगितलं की पोरगी चांगली आहे, पण त्या गावचं पाणी खारं आहे, जावई दिवाळसणाला जाणार नाही. आमच्या भागात विहिरीच्या चांगल्या पाण्याला गोड पाणी म्हणतात, आणि अक्काच्या तोंडून तो शब्द फार कमी वेळा निघतो.

ती जेवली, थोडी पडली, आणि आम्ही सामान बांधत असताना एकटीच उठून गाडी बघायला गेली. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसत अंगणात आली. चेहरा समाधानाने भरलेला होता.

"सुनील, तुन्हा गाडीनं पाणी गोड शे."

वैशालीच्या चेहऱ्यावर हसू आलं. मलाही इतकं बरं वाटलं की मी म्हणालो, "टाकीच स्टीलची आहे ना, अक्का."

आणि मग मला सकाळचा कूलंटचा डबा आठवला. वैशालीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळे माझ्याकडे वळले होते. तिने हळूच विचारलं, ते औषध पोटात गेलं तर चालतं ना? हेमंतचं औषध चाललं असतं की नाही ते मला माहीत नव्हतं. मी टाकलं होतं ते मात्र हेमंतचं नव्हतंच. हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

मी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन हेमंतला फोन लावला. त्याने शांतपणे विचारलं, "दाजी, कोणतं टाकलंत?"

"हिरवं."

"हिरवं म्हणजे कोणतं हिरवं?"

मी सांगितलं. मग तो म्हणाला की डबा हातात घ्या, मागची बाजू वाचा, आणि अक्काला घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, मी निघतोच. डबा उलटा करून मी पाहिलं. पुढे बर्फाचं एवढं मोठं चित्र, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: विषारी आहे, चवीला गोड असतं, पोटात गेल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावं. गोड हा शब्द मी परत परत वाचला. अक्काने आयुष्यात इतक्या अचूकपणे पाणी कधी पारखलं नसेल, असं मला वाटून गेलं.

अक्काला सांगायचं काय? वैशालीने सांगितलं की यांच्या ओळखीच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांना भेटून येऊ. अक्का म्हणाली, मग लुगडं बदलते. वैशाली म्हणाली, राहू द्या, अक्का, हेच छान आहे. इतक्या घाईत कोणी कोणाला भेटायला नेत नाही, हे अक्काला कळत होतं. पण वैशालीचा आवाज ऐकून ती तशीच कारमध्ये बसली. वैशाली तिचा हात हातात धरून मागे बसली, आणि अक्काने तो झटकला नाही. ते बघून माझी भीती आणखी वाढली.

रविवार असूनही रस्त्यावर गर्दी होती. मी प्रत्येक वळणावर आरशात अक्काचा चेहरा बघत होतो. गरगरतंय का, मळमळतंय का, डोळ्यांसमोर अंधारी येतेय का, हे मी इतक्यांदा विचारलं की शेवटी ती वैतागली.

"तुन्हं गाडी चालाडनं दखीसन गरगरस माले," ती म्हणाली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी मागची बाजू वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं की आजींनी हे प्यायलं कसं? मी चाकावरचं घर, हिमाचल, गोठणारे पाइप असं सगळं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की जळगावात पाइप गोठतात का? मी म्हणालो, नाही. त्यांनी मान हलवली आणि अक्काला दाखल करून घेतलं. रक्त घेतलं, लघवी घेतली, सलाईन लावलं. किती प्यायल्या, असं विचारल्यावर अक्काने अभिमानाने सांगितलं की गिलासभर. बाई म्हणाल्या, आत्ता काही दिसत नसलं तरी याचा त्रास उशिराने सुरू होतो, किडनीवर जातं, रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येणार नाही. हे त्या माझ्याशी बाहेर हळू आवाजात बोलल्या, पण अक्काचे कान अजून तरुण आहेत.

मी तिच्या खाटेजवळ बसलो. लहानपणी आई आजारी असताना मी वर्षभर पारोळ्याला अक्काकडे होतो. विहिरीवर जाताना ती मला कडेवर घ्यायची आणि डोक्यावर हंडा असायचा. मला पाण्याशिवाय काही दिसेना: तिच्या डोक्यावरचा हंडा, आणि माझ्या गाडीतला गिलास. माझे डोळे भरले. अक्काने ते पाहिलं.

"कसाले रडस? पाणी शे ते, जहर नही," ती म्हणाली. वैशाली उठून खिडकीपाशी गेली.

मी अक्काला सगळं खरं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि सांगितलं की पारोळ्याची म्हैस शेजारणीला द्यायची, तिच्या सुनेला नाही. मग डोळे मिटून पडून राहिली. झोपली आहे की आणखी काही, हे बघायला मी तिच्या नाकाशी बोट धरलं, तेव्हा तिने ते बोट बाजूला केलं.

ऊन उतरत असताना हेमंत आला. धुळ्याहून तो आधी आमच्या घरी गेला होता, हात हिरवे झाले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने मला बाजूला घेतलं.

"दाजी, गिझरकडे जाणारा कॉक बंद करायला सांगितलं होतं मी."

ते मी विसरलो होतो. मान खाली घातली.

"डबाच्या डबा गिझरच्या पोटात गेलाय. बूच काढलं तर सगळं हिरवं बादलीत आलं. ओट्याच्या नळाचा पाइप वेगळा आहे. तो तुम्ही रिकामाही केला नव्हता. त्यात परवा भरलेलं पाणीच होतं, एक थेंब हिरवा नाही."

मी त्याला ते तीनदा सांगायला लावलं. वैशालीने भिंतीला टेकून डोळे पुसले. म्हणजे अक्काने प्यायलं ते साधं पाणी होतं, आणि ते खरोखरच चांगलं होतं. कॉक बंद करणं किंवा नळ सोडून बघणं, यांतलं एक जरी मी नीट केलं असतं, तर त्या दिवशी काय झालं असतं ते मला अजूनही नीटसं मनात आणवत नाही. बाईंनी मात्र रिपोर्ट आल्याशिवाय सोडणार नाही असं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. रिपोर्ट स्वच्छ आले. अक्काने सगळं नीट समजावून घेतलं. मग सगळ्यांदेखत म्हणाली की देवाचं नाव घ्यायचं खरं, पण या वेळी सुनीलच्या अकलेनेच वाचवलं. वॉर्डातल्या इतर पेशंटांनाही ते पटलं.

हिमाचलची सहल आम्ही पुढे ढकलली. हेमंतने गिझर काढून टाकला, सगळे पाइप नवे घातले आणि गाडीतल्या कुठल्याही कॉकला मी हात लावायचा नाही, हे सगळ्यांसमोर ठरवून घेतलं. शेवटी एप्रिलात गेलो, औषध न घालता टाकी साध्या पाण्याने भरून. बर्फ दिसला, पाइप फुटले नाहीत, सगळे खूश होते. प्रवासभर रोज सकाळी गाडीतल्या नळाचा पहिला गिलास मलाच मिळायचा. वैशाली लोकांना सांगते की घरातल्या कर्त्या माणसाचा तो मान आहे. मी तो गिलास पिऊन खाली ठेवायचो, बाकीचे सगळे थोडा वेळ माझ्याकडे बघत बसायचे, आणि मग आपापले गिलास भरायला उठायचे.