राउटरची लोखंडी पेटी

बिघडलेली मशिनं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, असं मी आल्यागेल्या पाहुण्यांना सांगतो. बायको चहाचे कप ठेवता ठेवता पुरवणी जोडते, "आणि चालू होती ती बिघडवण्यात. तेही सांगा की."

चाकणला एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. लाइन थांबली की प्रॉडक्शनवाले मानगुटीवर बसायचे आणि आम्ही पॅनेलचं दार उघडून आत मुंडकं घालायचो. हवेत सगळीकडे तेल, कूलंट आणि लोखंडाचा भुगा. म्हणून आमच्या खात्यात एक नियम देवाच्या जागी होता: इलेक्ट्रॉनिक वस्तू उघड्यावर ठेवायची नाही. पत्र्याची पेटी, दाराला रबर, दाराला कुलूप आणि पेटीला अर्थिंग. उघडं सर्किट कार्ड दिसलं की मला अजूनही माश्या बसलेली भजी बघितल्यासारखं होतं.

रिटायर झालो तेव्हा कंपनीनं मला सोडलं, पण नियमानं काही सोडलं नाही. आमचं घर चिखलीत, मागच्या बाजूला लागूनच वर्कशॉप. दिवसभर ग्राइंडर चालतो आणि खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. असल्या धुळीत आमचा वायफायचा राउटर हॉलच्या भिंतीवर उघडाबोडका लटकत होता. माझा जीव त्याच्यासाठी तुटायचा, पण निमित्त मिळत नव्हतं.

निमित्त लेकीनं दिलं. ती पुनावळ्यात राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. पहिलं बाळंतपण, सातवा महिना लागलेला. माहेरी यायचं होतं, पण बाळंतपणाच्या रजेला अजून अवकाश होता. साहेबांनी घरून काम करायची मुभा दिली, ती एका अटीवर. नेट तुटता कामा नये. तुटायला लागलं तर रोज ऑफिसला यायचं. म्हणजे परत पुनावळे आणि परत ती ट्रॅफिक, आणि डॉक्टरीणबाई तर प्रवास कमी करा म्हणून बजावत होत्या.

"पप्पा, तुमच्याकडं नेट चांगलं आहे ना?" तिनं फोनवर विचारलं.

"एकदम टकाटक," मी म्हणालो, आणि फोन ठेवून थेट भोसरी गाठली.

भोसरीत माझा एक जुना मित्र पत्र्याचं काम करतो. त्याच्याकडून राउटरसाठी पेटी बनवून घेतली. जाड पत्रा, पॅनेलचा राखाडी रंग, दाराला रबर, बाजूला बारीक जाळी, वायर आत जायला व्यवस्थित ग्लँड. मित्र म्हणाला, "राव, आत ठेवणार काय? सोनं?" मी त्याला म्हणालो, लेक येतीय. त्याला ते पुरलं. वरून त्यानं विजेच्या धोक्याची लाल कवटीसुद्धा चिकटवून दिली, हौसेनं. घरी येऊन मी पेटी भिंतीवर बसवली, तिला अर्थिंग दिलं, राउटर आत ठेवून कुलूप लावलं आणि लांब उभा राहून बघत बसलो. देव्हाऱ्याकडं मी इतक्या भक्तीनं कधी बघितलेलं नाही.

लेक आली, आतल्या खोलीत लॅपटॉप मांडला आणि नेट गेलं. आलं, परत गेलं. मोबाइलची रेंज आमच्या गल्लीत पहिल्यापासून रडकी, त्यामुळे तोही आधार नाही. राउटर कुठंय, असं तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, हॉलमध्येच आहे, एकदम सेफ. तिला वाटलं टीव्हीच्या मागं असेल. भिंतीवरच्या पेटीकडं तिचं लक्षही गेलं नाही. लहानपणापासून आमच्या भिंतीवर मी बसवलेलं काही ना काही राखाडी असायचंच, आणि कवटी बघून तिनं ते इन्व्हर्टरचं मानलं.

मी ब्रेकडाउन हातात घेतला. लॅपटॉप बंद करून चालू केला. मागून फुंकर मारली. लेक आंघोळीला गेली असताना पडद्यावर 'फरगेट' असा शब्द दिसला तो दाबला, आणि लॅपटॉप आमच्या वायफायला असा विसरला की जणू कधी ओळखच नव्हती. शेवटी राउटरच्या पाठीवर बारीक छिद्र सापडलं. बाजूला लिहिलेलं, रिसेट. आता कारखान्यात आमची निम्मी हयात रिसेट दाबण्यात गेली. अलार्म आला, दाब रिसेट. हिरवा दिवा लागला की आपण साहेब. मी बायकोच्या साडीची पिन घेतली आणि दाबलं. घरातलं सगळंच नेट गेलं. टीव्हीसुद्धा.

नेटवाला पोरगा आला तेव्हा मायलेकी डॉक्टरांकडं गेल्या होत्या. त्यानं पेटी उघडून सेटिंग परत भरलं, मोबाइलवर बघितलं, तर जोरात चालू. मग पेटीवर टकटक करून म्हणाला, "काका, हा डबा जो आहे ना..." मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. धूळ इलेक्ट्रॉनिकचा कसा सत्यानाश करते, यावर असं काही व्याख्यान दिलं की बिचाऱ्यानं गाडीला किक मारली. तो गेल्यावर मी दार लावलं, कुलूप घातलं. नेट परत लंगडं.

शेवटी लेकीनंच जागा शोधली. हॉलमध्ये, त्या पेटीच्या बरोब्बर खाली बसलं की कसंबसं टिकायचं. मग तिचं ऑफिस तिथंच भरायला लागलं. तिची मीटिंग सुरू झाली की घरात कर्फ्यू. बायको कुकरची शिट्टी होऊ देईना. मी चिवडा तोंडात भिजवून खायला शिकलो.

आणि एके दिवशी, तसाच गुपचूप बसलेलो असताना, मला भोसरीची खोली आठवली. लग्नानंतर गावाकडून आलो तेव्हा आम्ही भाड्याच्या एकाच खोलीत राहायचो. मी रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपायचो, आणि त्याच खोलीत, माझ्या उशापाशी, ही लेक शाळेचा अभ्यास करायची. पाढे म्हणायची, पण आवाज नाही, नुसते ओठ हलायचे. पप्पा झोपलेत. पेन्सिल खाली पडली तर श्वास धरून माझ्याकडं बघायची. मी कधी कधी जागा असायचो आणि डोळे मिटून पडून राहायचो, कारण उठलो असतो तर ती बाहेर खेळायला गेली असती. शिफ्ट, ओव्हरटाइम, बसचा वेळ वजा जाता ती माझ्या वाट्याला येत होती ती एवढीच. आता ती बोलत होती आणि मी ओठ मिटून बसलो होतो. फिट्टंफाट, म्हटलं.

पण सुख टिकेना. कॉल तुटत राहिले. एका संध्याकाळी ती भांडी लावणाऱ्या आईला हळूच म्हणाली, "आई, उद्या मोठ्या साहेबांसमोर माझा डेमो आहे. उद्या तुटलं तर मला परत जावं लागेल." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.

तो उद्याचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. तिच्या मोठ्या साहेबांचं ऑफिस दुसऱ्या राज्यात, त्यांना कसली खंडेनवमी! पण आमच्याकडं ती सोडत नाहीत. कारखान्यात त्या दिवशी लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडायच्या, आणि घरीही हॉलमध्ये पाटावर माझा हातोडा, पक्कड, टेस्टर, बायकोचं शिलाई मशीन आणि विळी मांडलेली. त्यामुळे लेकीला लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जावं लागलं. आतून आवाज येत होता तो तुटक तुटक. "हॅलो... ऐकू येतंय का... हॅलो..."

बायकोनं सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावलं. मग तिला वाटलं, पोरीचं पोट ज्याच्यावर चालतं त्या यंत्राला कसं विसरायचं? तिनं किल्ली घेतली, पेटी उघडली आणि राउटरला हळद लावली.

आतून लेकीचा आवाज सलग यायला लागला. धबधब्यासारखा. बायको फूल वाहून, दार खांद्यानं अडवून, हात जोडून उभी राहिली. मी तर हरखलोच. देवी पावली म्हटलं. पूजा झाली, बायकोनं दार लावलं आणि आतून आवाज आला, "पप्पा, गेलं परत."

लेक दारात येऊन उभी राहिली. बायको म्हणाली, "मी काही केलं नाही बाई. नुसतं दार लावलं." तिनं ते परत उघडून दाखवलं. आत झेंडूच्या फुलाखाली हिरवे दिवे लुकलुकत होते.

लेकीनं पेटीकडं बघितलं, कवटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पप्पा, तुम्ही राउटर लोखंडी पेटीत ठेवलाय?"

"अर्थिंगसकट," मी म्हणालो.

तिला हसायला वेळ नव्हता. "दार धरा," एवढंच म्हणून ती आत पळाली. भिंत थोडी तिरकी, त्यामुळे पेटीचं दार आपोआप मिटायचं. मी ते धरून उभा राहिलो. उदबत्तीचा धूर थेट नाकात. शिंक आली, ती गिळली. हात भरून आला, तो बदलला. आतून तिचा आवाज न तुटता येत होता, इंग्रजीत, मला निम्मं कळत नव्हतं. कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि ती ठामपणे उत्तर देत होती. पाढे म्हणणारे ते ओठ. आवाजासकट, असं सलग ऐकायला मी पहिल्यांदाच उभा होतो.

डेमो झाला. साहेबांनी रजा लागेपर्यंत घरूनच काम कर म्हणून सांगितलं. मग ती बाहेर आली आणि पोट धरून इतकी हसली की बायको घाबरली.

पेटी अजून भिंतीवर आहे, दार आता दोरीनं खुंटीला बांधलेलं. नेट घरभर पोचतं. त्यामुळे लेक आतल्या खोलीत, दार लोटून, दिवसभर कामात. हॉल मोकळा. कुकर शिट्ट्या मारतो, चिवडा कुरकुरीत लागतो, आणि मला करमत नाही.

म्हणून दुपारी चहाच्या सुमाराला, तिची मीटिंग नाही अशी बायकोकडून खात्री करून घेऊन, मी दोरी सोडतो. थोडा वेळ जातो. मग ती पोट सांभाळत बाहेर येते, पेटीकडं बघते आणि माझ्याशेजारी बसते.

"पप्पा, दार," ती म्हणते.

"आधी चहा घे," मी म्हणतो.